तोरणाला बांधलेला पाऊस

अमरावती, ६ सप्टेंबर २०११

नितेश,

वर 'चि.' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलं आहे. शेवटी आशीर्वादही शोधू नकोस.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली माझी. समोरचा घरात नाही की घरात बसून घंटा ऐकतो आहे, हे मला आजही कळतं. तू ऐकत बसतोस.

तुला बातमी कळलेली असणार, पण कशी कळली असेल त्याचा भरवसा नाही, म्हणून माझ्याकडून ऐक. पोळ्याच्या संध्याकाळी आपल्या गावात धर्मपाल मेला. तुझ्या वडिलांचा सालदार. ज्याच्या खांद्यावर बसून तू हिवरखेडच्या बाजाराला जायचास, तो. मानाची जोडी दरवर्षीसारखी आपल्या घरची होती आणि कासरा त्याच्या हातात होता. तोरणाखाली बैल उभे राहिले, वारा सुटला, तोरणाला लावलेले चंदेरी झुबके वर उडून विजेच्या तारेला लागले. तेच झुबके बैलांच्या शिंगांनाही होते, ते एकमेकांत अडकले. दोन्ही बैल जागच्या जागी बसले आणि धर्मपाल त्यांच्यामध्ये. लोकांना आधी वाटलं, बैलांनी त्याला खाली पाडलं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गयासुद्दीनला उचललं. हिवरखेडला झुली, गोंडे, बेगड विकणारा आपला गयासुद्दीन. तोरण त्याने सजवलं होतं, दरवर्षी तोच सजवतो. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचं कलम आहे. नुसत्या निष्काळजीपणाचं लावलं असतं, तर तो जामिनावर त्याच दिवशी घरी आला असता. पण फिर्यादीत असं आहे की त्याने तारेचं भंगार कुठून तरी आणलं, बेगड म्हणून गावाला विकलं, आणि 'नको' म्हटलं तरी तोरणाला बांधलं. 'नको' कोणी म्हटलं? तुझ्या वडिलांनी. फिर्यादी महादेवराव गावंडे. माझा सख्खा भाऊ.

आता माझा प्रश्न. ते भंगार नव्हतं. ज्यांनी हातात धरलं त्यांच्याकडून मी फोनवर ऐकलं आहे. केसाहून बारीक धागा, हलका इतका की हातातून सोडला तर जमिनीवर यायचं नाव घेत नाही. असा धागा आपल्या ओळखीत कोण बनवतं?

दोन वर्षांपूर्वी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तू हैदराबादच्या तुझ्या कंपनीतलं काम सांगत होतास. तोंडात घास होता आणि डोळे चमकत होते. "आत्या, असा ढग की त्यात शत्रूचा वायरलेस बहिरा आणि कॅमेरा आंधळा. रडारला काही दिसत नाही. अर्धा तास हवेत तरंगतो." मी विचारलं होतं, आणि त्या ढगाखाली जी माणसं असतील त्यांचं काय. तू म्हणालास, "त्याखाली शत्रू असतो." मी जे उत्तर दिलं ते तू अजून विसरलेला नाहीस, कारण त्यानंतर तू माझ्या घरी आलेला नाहीस. मी ते मागे घेत नाही.

ऑगस्टमध्ये तू गावी आला होतास. मला कळवलं नाहीस, पण गोदावहिनीने फोनवर सांगितलं, "नितेश आला व्हता, कंपनीची जीप घेऊन. पाऊस पाडून राहिला." मी हसले होते. तुझी आई भोळी आहे, तिला काहीतरी चुकीचं कळलं असेल असं मला वाटलं.

तिला काय सांगितलं होतंस, ते मला लिही.

लीला गावंडे


अमरावती, २० सप्टेंबर २०११

नितेश,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेल्या पाच ओळी, त्याही इंग्रजीत, खाली सही नाही. ज्या मुलाला मी बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये बसवून इंग्रजीचं पहिलं वाक्य शिकवलं, तो मला इंग्रजीत कळवतो की ही 'दुर्दैवी घटना' आहे, विषय देशाच्या संरक्षणाचा आहे, आणि हा कागद व 'तसला काही पदार्थ' जवळ असल्यास नष्ट करावा. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या, ज्या वाक्यात करणारा सापडत नाही ते वाक्य भित्र्याचं असतं. तुझ्या पाच ओळींत करणारा एकदाही सापडला नाही. घटना घडली, पदार्थ पसरला, निष्काळजीपणा झाला. सगळं आपोआप.

एक वाक्य मात्र तू धीट लिहिलं आहेस. विजेच्या तारेखाली तोरण बांधणं हीच मुळात चूक होती, असं. नितेश, तोरण त्या जागी तुझ्या पणजोबांच्या आधीपासून बांधलं जातं. निंबाच्या झाडापासून देवळाच्या खांबापर्यंत. तारा नंतर आल्या. आंब्याची पानं आणि कागदी बेगड त्या तारांखाली इतकी वर्षं हलत राहिली, कोणाला काही झालं नाही. तुझा धागा पहिल्यांदाच आला.

पदार्थ नष्ट करायला सांगतोस. उशीर झाला. गयासुद्दीनची सून नगमा मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली. अकोल्याहून बसने, कडेवर मूल. पिशवीतून रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला, आत तोच चंदेरी धागा.

"कंपनीचे लोक आले होते बाई, घरोघर. बोलले, केमिकल हाय, वापस द्या, नाही तं खुजली होते. सगळ्यांनी देऊन टाकलं. मी थोडं ठेवलं."

"का ठेवलंस?"

"खुजली होते म्हणतात आन् हातमोजे घालून उचलून राहिले. मले वाटलं, काही तरी काम पडन."

मी तिला चहा दिला. तिने घेतला नाही, मुलाला बशीतून पाजला. म्हणाली, "अब्बाले शुगर हाय. तिथं डब्यात भात देतात. ते बोलतात भात नको, तं पोलीस बोलतो, शादीत आला काय बे म्हाताऱ्या." मग मुलाचं तोंड पुसत, "नितेशभाऊले सांगा ना बाई. ते एक बार बोलले, का हा धागा आमचा हाय, तं अब्बा घरी येतात. दुसरं काहीच नको आमाले."

तुला अजून ती नितेशभाऊ म्हणते. तुझ्या जावळाला गाडीच्या बैलांची झूल तिच्या सासऱ्याने शिवली होती, ती तिला सासरी आल्यावर दाखवली होती म्हणे.

ती गेल्यावर मी तो रुमाल ट्रान्झिस्टरवर पसरला. आकाशवाणीवर कापसाचे भाव सांगत होते. बाई बोलता बोलता गप्प झाली. रुमाल काढला, परत बोलायला लागली. मी पाच-सहा वेळा तेच करत बसले. मला मान्य करावं लागेल, काम चांगलं आहे. वाईट असतं तर मी तुला नालायक म्हणून सोडून दिलं असतं. तू हुशार आहेस म्हणून माझा राग जात नाही.

परवा तुमच्या कंपनीचा एक गृहस्थही येऊन गेला. गोड बोलणारा, पांढरा शर्ट. 'माताजी' म्हणाला. मी म्हटलं, मी कोणाचीही माताजी नाही, बसायचं असेल तर चपला बाहेर काढा. त्याने सुचवलं की गयासुद्दीनच्या घरच्यांना 'मदत' करता येईल, मी मध्यस्थी करावी. त्यांना मदत नको आहे, त्यांचा माणूस हवा आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, नितेशसाहेबांनीच तुमचं नाव सुचवलं.

तू माझ्याशी बोलणार नाहीस, पण माझा पत्ता वाटशील. बरं.

मी गावी जाते आहे.

लीला


अकोला, ४ ऑक्टोबर २०११

नितेश,

अकोल्याला मैत्रिणीकडे उतरले आहे. गाव करून आले. आता मला सगळं माहीत आहे, त्यामुळे खोटं लिहायचे कष्ट घेऊ नकोस.

तू त्यांना सांगितलंस की हा कृत्रिम पाऊस आहे.

हे तुझं डोकं. साहेबांचं नव्हे. साहेबांना आपल्या गावाचं काय माहीत? गेली सात-आठ वर्षं या भागात किती जीपा आल्या आणि गेल्या ते तुला माहीत होतं. कोणी सर्व्हे करतो, कोणी विधवांचे फोटो काढतो, कोणी फॉर्म भरून घेतो. जीप दिसली की लोक घरात जातात. टेकडीखालच्या पडीत जमिनीवर नळकांडी उडवायची, चंदेरी ढग लटकवायचा आणि गावाने गर्दी करायची नाही, तक्रार करायची नाही, असं काय सांगायचं, हे गावच्या पोरालाच सुचू शकतं. पाऊस म्हणालास. सोयाबीन वाळत होतं, आणि तू पाऊस म्हणालास.

त्यांनी जीपसमोर नारळ फोडला. तू फोडू दिलास.

ढग लटकला की गावातले मोबाइल बंद पडायचे. लोक म्हणायचे, पाण्याचे ढग बसले की असंच होते. आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच पाऊस आला. हे सगळ्यात वाईट झालं. तो तुझा नव्हता, हवामान खात्याच्या अंदाजातही होता, पण ते कोणाला पटवणार? पोरांनी वावरातून धागे गोळा केले. बायकांनी देव्हाऱ्यात ठेवले. तुझ्या आईने देव्हाऱ्यात ठेवले. ती मला म्हणाली, "आपल्या नितेशच्या हातचा पाऊस हाय, पायाखाली कसा येऊ द्यावा."

मग पोळा आला. ज्याने पाऊस दिला त्याची वस्तू बैलाच्या शिंगाला नाही तर कुठे बांधणार ते लोक? आणि मानाच्या तोरणाला नाही तर कुठे? तू त्यांच्यात वाढलास. एवढं तुला कळायला हवं होतं.

गोदावहिनीने मला स्वयंपाकघरात हे सांगितलं, हळू आवाजात, कारण महादेव ओसरीवर बसला होता. सकाळी गयासुद्दीन नेहमीचं बेगड घेऊन आला होता. महादेवनेच त्याला थांबवलं. धाग्यांची टोपली पुढे केली. "हे लाव. माह्या पोराचा पाऊस हाय, तोरणाले हाच शोभते." गयासुद्दीन म्हणाला, "जैसा बोलो राव." झालं एवढंच. त्याने 'जैसा बोलो' म्हटलं आणि तो आता अकोल्याच्या जेलमध्ये भात खातो आहे.

आणि त्या संध्याकाळी, तोरण तुटायच्या आधी, झडत्यांची कवनं सुरू झाली तेव्हा एकाने तुझ्यावर झडती म्हटली. गोदावहिनीला पाठ आहे:

ढगाले लावली शिडी, चढला महादेवचा पोरगा,
हिरवं झालं वावर, आन् चांदीचा आला धागा.

लोक हसले, महादेवने मिशीला हात लावला. धर्मपालनेच पहिला 'हरहर महादेव' केला म्हणे. त्यानंतर वारा सुटला.

मी ओसरीवर गेले. महादेवशी मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. थोडं लिहिते.

मी म्हटलं, "तू पोलिसांना खोटं सांगितलंस. नको म्हटलं म्हणून सांगितलंस, आणि टोपली तूच दिली होतीस."

"काहून आली वं तू इथं?" माझ्याकडे न बघता. "शहरातून यायचं आन् आमाले कायदा शिकवायचा."

"गयासुद्दीनने तुझ्या लग्नात घोडं सजवलं होतं, दादा."

"मले माहीत हाय काय केलं त्यानं."

"मग?"

बैलांचा गोठा रिकामा आहे, तिकडे तो बघत होता. मग म्हणाला, "लीले, तो म्हातारा हाय. सुटन आज ना उद्या. माह्या पोराचं नाव आलं तं त्याची नोकरी जाते, जेल व्हते, देशाचं काम हाय ते. मंग मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

"धर्मपालच्या बायकोच्या तोंडाकडे बघितलंस का?"

"माणिकबाई रोज येते कामाले," तो म्हणाला. "मान वर करत नाई. मी बी नाई करत."

बघ, तो तुझ्यासाठी खोटं बोलतो आहे. तू सांगितलं नसशीलही. त्याला सांगावं लागत नाही. तू फक्त गप्प राहायचंस, बाकीचं तो करतो.

जामिनाची तारीख तेरा ऑक्टोबर आहे, अकोल्याच्या कोर्टात. नगमाच्या वकिलाचं म्हणणं आहे, की फिर्याद जशी आहे तशी राहिली तर जामीन कठीण. कोणीतरी सांगायला हवं की धागा कुठून आला. तो माणूस तू आहेस. मी नाही, माझ्याजवळ एक रुमाल आहे फक्त. तू ये. हैदराबादहून थेट गाडी आहे, मूर्खपणाची कारणं सांगू नकोस.

आलास तर तुझी नोकरी जाईल. कदाचित आणखी काही होईल. मी ते नाकारत नाही. नाही आलास तर गयासुद्दीन त्या भातावर मरेल. मी दोन्ही बाजू मोजून बघितल्या आहेत आणि मला विचारात पडायची गरज वाटली नाही.

लीलाआत्या


अमरावती, १५ ऑक्टोबर २०११

नितेश,

तू आला होतास.

कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीमागे, डोक्यावर टोपी, जणू टोपीने गावंड्यांचं नाक लपतं. मी तुला पाहिलं. हाक मारली नाही. का, ते विचारू नकोस. मला वाटलं, स्वतःच्या पायाने आला आहे, स्वतःच्या पायाने पुढे येऊ द्यावं.

तुला माहीत नसेल, पण तुझ्या वडिलांनीही तुला पाहिलं. तो व्हरांड्यात बाकावर बसला होता, नवा धोतरजोडा, जुन्या फिर्यादीवर ठाम राहायला आलेला. माझ्याकडे पाठ करून. एकदम ताठ झाला. मी त्याच्या नजरेमागे गेले तर तू. त्याचं तोंड कसं झालं ते मी सांगू शकत नाही. त्याला वाटलं तू बोलायला आलास. त्याला वाटलं, आता पोरगा उठेल, आत जाईल आणि सगळं स्वतःवर घेईल.

म्हणून तो तुझ्याआधी उठला.

सरळ तपास अधिकाऱ्यासमोर गेला. "साहेब, माह्या बयानात चूक हाय. गयासुद्दीननं काहीच नाई आणलं. टोपली मी देली. बांध मी म्हटलं. तो नको बी म्हणाला नाई, हो बी म्हणाला नाई, मी म्हटलं म्हून बांधलं." अधिकारी म्हणाला, "आजोबा, विचार करून बोला, हे तुमच्या अंगावर येईल." महादेव म्हणाला, "अंगावर येऊ द्या. अंग जुनं हाय."

"धागा कुठला होता?"

"वावरात भेटला."

"वावरात कुठून आला?"

"वरतून."

तुझं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. आणि बोलून झाल्यावर वळून टपरीकडे बघितलं त्याने. टपरीमागे कोणी नव्हतं.

वकिलाने ते नवं बयान आत मांडलं आणि दुपारी गयासुद्दीनला जामीन मिळाला. संध्याकाळी तो बाहेर आला. नगमाने आधी त्याच्या पायात चप्पल घातली, सुजलेल्या पायांना जाईना, मग हातात धरून ठेवली. त्याने पहिलं काय विचारलं, माहीत आहे? "रावसाब कहाँ हैं?" कोणी सांगायला तयार नव्हतं. मी सांगितलं. त्याने सगळं स्वतःवर घेतलं, पोलीस त्याला ठाण्यात घेऊन गेले. गयासुद्दीन रस्त्याच्या कडेला खाली बसला. म्हणाला, "ये नहीं होना था." पोरगा आज अकोल्यात होता, हेही मी सांगितलं. तो चपला नगमाच्या हातातून घेऊन स्वतः घालायला लागला.

तुझे वडील काल आत गेले. तेच कलम. तीच जेल. गोदावहिनीने डब्यात भाकरी नेली, ती गेटवरूनच परत आली. माणिकबाई गेली होती तिच्यासोबत, गेटपर्यंत. धर्मपालची बायको. वहिनीला एकटीला बस कळत नाही म्हणून. मी विचारलं, तू कशी गेलीस बाई? ती म्हणाली, "मालकानं खोटं बोलणं सोडलं, मंग मीबी मान वर केली."

आता ऐक. ही गोष्ट तू आणि तुझ्या वडिलांनी मिळून अशी रचली आहे की दर वेळी कोणीतरी दुसरा तुझ्या जागी आत जातो. आधी एक म्हातारा, आता दुसरा. तिसरं कोणी उरलं नाही. मला वाटतं तुझा पुढचा हिशेब माझ्यावर असेल, की आत्या चिडते पण शेवटी आपली आहे. तुला ही नोकरी लागली तेव्हा पेपरात आलेल्या तुझ्या बातमीचं कात्रण मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तू ते पाहिलेलं नाहीस, मी तुला कधी दाखवलं नाही. अजून तिथेच आहे. काढणार नाही. ते खरं होतं.

पण सोमवारी सकाळी मी अकोल्याला जाते आहे. मॅजिस्ट्रेटसमोर माझा जबाब आहे. वकील म्हणाला, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, तेवढंच सांगा जेवढं माहीत आहे. मला पुष्कळ माहीत आहे. जेवणाच्या टेबलावरचं माहीत आहे, तुझी पाच ओळींची टाइप केलेली चिठ्ठी माझ्याजवळ आहे, तुझ्या पांढऱ्या शर्टवाल्याने चपला काढून माझ्या खुर्चीवर बसून काय सुचवलं ते माहीत आहे, आणि नगमाचा रुमाल आहे. तो मी पेशकाराच्या टेबलावर ठेवणार आहे. कोणाचा मोबाइल तिथे असेल तर त्याच्यावर.

तुला आधी कळवते, कारण पाठीमागून वार करायची आम्हाला शिकवण नाही. हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, रविवारी तुझ्या हातात पडेल. रात्रीची गाडी मिळते.

ते माझं नाव विचारतील, मी सांगेन. मग ज्याने तो धागा बनवला त्याचं नाव विचारतील. तेव्हा मी तुझं नाव पूर्ण सांगणार आहे. नितेश महादेवराव गावंडे. मधलं नाव गाळणार नाही.

लीलाआत्या